अंगठा शुद्धीवर असताना लावा

(डिसेंबर १९९७. विधानसभेवरच्या मोर्च्याच्या आदल्या रात्री नागपूरच्या मुक्कामात एका कार्यकर्त्या बाईने केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे, बोलण्यात आलं तसंच ठेवलं आहे. वाचता येणाऱ्याने ग्रामसभेत इतरांना मोठ्याने वाचून दाखवावं.)



मागच्यांनी पुढं सरका. थंडी आहे, चिकटून बसाल तर ऊब राहील. लेकरांना मधात घ्या.

उद्याच्या मोर्च्याबद्दल दादा बोलले. कुठून निघायचं, कुठं थांबायचं, निवेदन घेऊन आत कोण जाणार, सगळं सांगून झालं. मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती ऐकून काही लोकांना राग येईल. येऊ द्या. घरच्या माणसाचा राग घरातच राहतो.

आज दुपारी ट्रकमधून उतरलो. बाया चूल मांडायला जागा शोधत होत्या. तेवढ्यात आपले पाच-सहा जण दिसेनासे झाले. पोट्टे सांगत आले की रस्त्यापलीकडं देशीचं दुकान आहे, तिकडं गेले. आपल्या गडचिरोलीत दारूबंदी, नागपुरात दुकान उघडं. मग काय, सोन्याची खाण सापडली! मी नावं घेणार नाही. ते इथंच बसले आहेत, खाली मान घालून. त्यांना शिव्या द्यायला मी उभी नाही. माझ्या बापाची गोष्ट सांगायला उभी आहे.

आमचं गाव धानोरा तालुक्यातलं, लहानसं. माझ्या बापाची अडीच एकर जबरानजोत होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्याने आणि मायने मिळून झुडपं काढली, बांध घातले, धानाची बांधी केली. दोनदा दंड झाला. दोन्ही पावत्या बापाने बांबूच्या नळीत घालून छपराला खोचून ठेवल्या होत्या. तो म्हणायचा, ह्या पावत्या म्हणजे माझा सात-बारा. वाचता येत नव्हतं, पण बरोबर बोलत होता. दंड झाला म्हणजे त्या साली तो माणूस ती जमीन वाहत होता, हे सरकारनेच लिहून दिलं ना?

पुढं सरकारचा निर्णय निघाला. २७ डिसेंबर १९७८ चा. ३१ मार्च १९७८ पर्यंत ज्या भूमिहीन आदिवासींनी जंगलजमीन कसली, त्यांची जमीन कायम करायची. चौकशीला माणसं येणार असं समजलं. आदल्या संध्याकाळी बाजाराच्या गावचा एक दलाल आला. कोंबडा आणला, शिशा आणल्या. म्हणाला, उद्या तुमचं काम होते, आज खुशी करा. रात्रभर ढोल वाजला. सकाळी बापाचं डोकं जड, डोळे लाल. कोणी म्हटलं पावत्या दाखव, त्याने दाखवल्या. कोणी म्हटलं इथं अंगठा लाव, त्याने लावला. पावत्या परत आल्या नाहीत. त्याच्याही ध्यानात आलं नाही.

कागदावर काय लिहिलं होतं ते आम्हाला सहा वर्षांनी कळलं. आमच्या बांधीत सागाच्या रोपासाठी खड्डे खोदायला मजूर आले तेव्हा. कागदावर होतं की ही जमीन याने १९७८ नंतर घेतली. खाली बापाचा अंगठा.

आता नीट ऐका. माझा बाप दारुडा नव्हता. सणाला, लग्नाला, पेनाच्या पूजेला घ्यायचा, तेवढंच. मायवर हात उचलला नाही, धान विकून पिला नाही. त्याची एकच रात्र वाईट निघाली, आणि त्या रात्री जमिनीचा निकाल लागला. मेला तोपर्यंत तो त्या वाटेने जाताना मान फिरवून जायचा. आता तिथं साग उभा आहे, माझ्या डोक्याहून उंच.

फसवलं त्यांनीच. गुन्हा त्यांचाच. बापाला मी दोष देत नाही. पण फसवणाऱ्याला ठाऊक होतं की या माणसाकडून जमीन काढायची तर आधी काय पाजायचं. त्याला जे ठाऊक होतं, ते आपल्याला अजून ठाऊक नाही, म्हणून बोलते आहे.

कोणी म्हणेल, बाई, दारू तर आपली रीत आहे. मोह आपलं झाड आहे, पेनाला दारू लागते. खरं आहे. मोहाला मी नाव ठेवणार नाही. चैत-वैशाखात घरात दाणा नसतो तेव्हा मोहफुलानेच आपली लेकरं जगवली. फूल उकडून खाल्लं, भाकरीत घातलं, टोळीचं तेल काढलं. पूजेला मोहाची दारू पानात घेऊन भुईवर सांडतात, आधी पेनाला, मग बुजुर्गांना. ती रीत आहे.

पण दुकानातली शिशी कोणत्या पेनाने मागितली? गावात कोणी मोहसडव्यात नवसागर टाकून, युरिया टाकून रोज विकतो, ती कोणत्या पुरख्यांची रीत? रीतीची दारू वर्षातून मोजून येते, सगळ्यांच्या समोर येते, आणि तिचे पैसे नसतात. जिथं पैसे आले तिथं रीत संपली, धंदा सुरू झाला. धंद्याला रीतीचं नाव देऊ नका.

हा धंदा आपल्यावर लादला गेला, त्याला फार वर्षं झाली. इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा केला. घरची भट्टी बंद, ठेकेदाराची दारू सुरू. १८९२ साली तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं घरात साठवायलाही बंदी घातली. झाड आपलं, फूल आपलं, घरात ठेवलं तर गुन्हा, आणि त्याच फुलाची दारू ठेकेदाराकडून विकत घ्यायची. इकडं आपल्या मध्यप्रांतात, ज्याची राजधानी हे नागपूर, भट्ट्यांचे लिलाव व्हायचे. जास्त बोली बोलणारा भट्टी घेणार, आणि बोलीचा पैसा गावातून वसूल करणार. सरकारची तिजोरी भरली, ठेकेदार सावकार झाला. उधारीवर पाजायचं, व्याज चढवायचं, आणि शेवटी वावर लिहून घ्यायचं. दारूची शिशी आणि जमिनीचा कागद एकाच हातात होता.

आपले लोक तेव्हा गप्प बसले असं समजू नका. १९२२ साली सुरतेकडच्या आदिवासी भागात, व्यारा, सोनगड, मांडवी या बाजूला, गावोगाव लोक जमू लागले. देवी अंगात येते आणि सांगते, असं म्हणत. काय सांगते? दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्याच्या वावरात मजुरीला जाऊ नका. तिकडं दारूचे ठेकेदारच सावकार होते, जमिनीचे मालकही तेच. हजारो माणसांनी एकदम दारू सोडली तशी ठेकेदारांची दुकानं ओस पडली, वावरात मजूर मिळेना. पुढं वर्ष-दोन वर्षांत बरेच लोक पुन्हा प्यायला लागले, हेही खरं. पण ठेकेदाराचा जीव कशात अडकला आहे, हे लोकांनी ओळखलं होतं.

धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याची गोष्ट तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना. १९७२ साली त्यांनी भूमुक्तीची लढाई उभी केली, गेलेल्या जमिनी परत मागितल्या. त्याच लढाईत भिल्ल बाया दारूच्या भट्ट्यांवर गेल्या, मडकी फोडली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं की आज दारूचा कार्यक्रम आहे आणि उद्या जमिनीचा. त्यांना घरातच दिसत होतं की नवरा पिऊन पडला की मोर्च्याला येत नाही, आणि मालकाने पाजलं की साक्ष फिरवतो. पुढं १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मागता येतात. असा कायदा आपोआप येत नाही. शुद्धीवर राहून भांडणारी माणसं लागतात.

आता आपल्या गडचिरोलीकडं या. डॉक्टर अभय बंग, राणीबाई बंग यांच्या सर्च संस्थेने लोकांबरोबर बसून हिशेब मांडला होता. जिल्ह्यातले लोक वर्षाला दारूवर घालवतात तो पैसा जिल्ह्याच्या विकासाला सरकारकडून येणाऱ्या पैशापेक्षा जास्त निघाला. तुम्ही आपल्या गावाचा हिशेब करा, डॉक्टर लागत नाही. चाळीस घरांचं गाव धरा. वीस माणसं रोज दहा रुपयांची पितात. दिवसाला २०० रुपये. महिन्याला ६,०००. वर्षाला ७३,०००. तेवढ्यात गावाच्या मामा तलावाची पाळ बांधून होईल, नाही तर जमिनीच्या सगळ्या दाव्यांचा वकील करता येईल. आणि हा पैसा देऊन आपण काय विकत घेतो? मार, उधारी आणि दवाखाना.

गावागावांतून ठराव झाले, बाया रस्त्यावर आल्या, केंद्र सरकारचं धोरणही कामाला आलं. आदिवासी भागात धंद्याची दारू नको, आदिवासीला घरच्या रीतीपुरती सूट असावी, असं ते धोरण. शेवटी १९९३ च्या मार्चमध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. मोठी गोष्ट झाली. बाजाराच्या दिवशी वाटेत पडलेली माणसं कमी झाली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं.

पण पुरं खरं सांगायचं तर तेवढ्यावर थांबता येत नाही. वैनगंगेच्या पलीकडं चंद्रपूर जिल्ह्यात दुकानं उघडी आहेत. सायकलवर, डोंग्यात, गाडीच्या डिकीत माल येतो. आणि शेजारच्या आंध्रात काय झालं पाहा. नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा गावाच्या बायांनी दारूच्या लिलावाविरुद्ध आग लावली. १९९३ ला तिथं सारा बंद, १९९५ च्या जानेवारीत सगळीच दारू बंद. आणि यंदा, दोन वर्षांतच, सरकारने म्हटलं तिजोरी रिकामी झाली, आणि बंदी उठवली. सरकारने दिलेली बंदी सरकार काढून घेऊ शकते. गावाने केलेली बंदी गावच मोडेल तर मोडेल.

म्हणून मेंढ्याकडं बघा. धानोऱ्याच्या वाटेवरचं मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्यांचं म्हणणं, देवाजी तोफा आणि गावकऱ्यांचं. ते जंगल राखतात, बांबूसाठी भांडतात. पण हे सारं उभं करताना गावाला दारूवर बसून बोलावं लागलं. बाया म्हणाल्या, तुम्ही पिऊन सभेत बसणार आणि आम्ही जंगल राखायचं, हे कसं? लगेच कोणी ऐकलं नाही. पुन्हा पुन्हा बसले. हात वर करून मतं मोजली नाहीत, सगळे राजी होईपर्यंत बोलत राहिले. शेवटी धंद्याची दारू बंद, पूजेपुरतं मोकळं. देव सोडले नाहीत, रीत सोडली नाही, कोणाची कंठीमाळ घातली नाही. आदिवासीपण ठेवून दारूचा धंदा घालवता येतो, हे त्यांनी दाखवलं.

आता कायद्याची गोष्ट, म्हणजे उद्याची मागणी तुम्हाला नीट कळेल. गेल्या वर्षी २४ डिसेंबरला पेसा कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा. त्यात एका कलमात ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यायचे अधिकार ओळीने लिहिले आहेत. मी वाचायला लावले, आणि बोटं मोजली. पहिला, दारू आणि नशेवर बंदी घालण्याचा नाही तर ती आवरण्याचा. दुसरा, गौण वनोपजाची मालकी, म्हणजे मोह, तेंदू, डिंक, हिरडा. तिसरा, आदिवासीची जमीन जाऊ न देण्याचा आणि गेलेली परत मिळवण्याचा. चौथा, गावचा बाजार. पाचवा, सावकारीवर ताबा. दारू, वनोपज, जमीन, बाजार, सावकार. एकाच ओळीत! कायदा लिहिणाऱ्याला जे समजलं ते माझ्या बापाच्या दलालालाही समजलं होतं. ही पाच नाही, एकच गोष्ट आहे. दारूवर ज्याचा हुकूम चालतो, त्याचा हुकूम बाकी चारांवर चालतो.

पण राज्याने अजून त्याचे नियम केले नाहीत. उद्या आपण तेच मागणार. आणि मला विचाराल तर नियम येण्याची वाट पाहू नका. परत गेल्यावर पहिली ग्रामसभा घ्या.

जबरानजोतीच्या पुराव्याचंही तेच. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राच्या प्रकरणात सांगितलं की नुसतं सरकारी दप्तर पाहून दावे फेटाळू नका, दुसरे पुरावेही तपासा. म्हणजे आपल्या बुढ्यांची साक्ष कामाची आहे. हा बांध कोणी घातला, हे झाड कोणी लावलं, कोणत्या साली पहिलं धान पेरलं. पण चौकशीच्या दिवशी तो बुढा पिऊन डुलत असेल तर त्याची साक्ष कोण लिहून घेईल? पावत्या गेल्या, आता माणसंच आपला कागद आहेत. तो कागद भिजू देऊ नका.

काय करायचं ते थोडक्यात सांगते.

एक. गावात दारू विकणं बंद. विकणारी बहुतेक वेळा एखादी विधवा, एखादा भूमिहीन असतो. त्याचं मडकं फोडायच्या आधी त्याचं पोट कसं चालेल ते गावाने ठरवा. तेंदूच्या फळीवर काम द्या, गावाच्या तलावातली मासोळी द्या. नाही तर तो चोरून विकेल, आणि दोष आपला राहील.

दोन. पूजेची दारू किती, कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवा. चोरून काही नको.

तीन. चौकशी, मोजणी, कोर्ट, ग्रामसभा, मोर्चा, तेंदूच्या पैशाचं वाटप. या दिवसांना आणि त्यांच्या आदल्या रात्री कोणी थेंब घेणार नाही. ज्याला अजून पुरी सोडता येत नाही त्याने इथून सुरुवात करावी. बाहेरचा माणूस पाजायला आला तर त्याला तिथंच विचारा, काम काय आहे?

चार. अंगठा सांजेला लावायचा नाही. दिवसा लावायचा, वाचून घेतल्यावर, चार माणसांसमोर. त्यात एक बाई पाहिजे.

पाच. जो वर्षानुवर्षं रोज, सकाळपासून पितो, त्याला एका दिवसात सोड म्हणून कोंडून ठेवू नका. अशा माणसाची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, घाम सुटतो, झटके येतात, नसलेलं दिसतं. कोणी म्हणेल भूत लागलं. भूत नाही, शरीराची सवय तुटते आहे. त्यात जीवही जातो. त्याला दवाखान्यात न्या, डॉक्टरला खरं सांगा किती पितो ते. आणि परत आला की त्याला हसू नका. सोडून पुन्हा प्याला तरी दार बंद करू नका. एकटा माणूस सोडू शकत नाही, गावासोबत सोडतो.

बायांना एक सांगते. भट्टीवर जायचं तर सगळ्या मिळून जा, एकटी जाऊ नका. आणि घरच्या माणसाला बाहेर उभं करून लाजवू नका. लाजलेला माणूस जास्त पितो. सभेत आणून बसवा, त्याला काम द्या. माझ्या भावाला गावाने जमिनीच्या दाव्यांची वही सांभाळायला दिली. म्हणाला, वही माझ्याकडं आहे, मला आता पिता येत नाही. आठ महिने झाले. पुढचं मी सांगत नाही, बोललेलं नजर लागते.

आता उद्याचं. सकाळी पटवर्धन मैदानातून निघू. पोलीस वाटेत अडवतील, तिथं बसावं लागेल, कदाचित सांजेपर्यंत. या शहरात मोर्चा म्हणजे जत्रा नव्हे. तीन वर्षांमागं इथंच मोर्च्याच्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले, बाया-लेकरं गेली. ते आपल्यासारखेच आपला हक्क मागायला आले होते. उद्या एकमेकांचा हात धरून चालायचं आहे, आणि हात धरायचा तर तो हात थरथरता कामा नये.

आत जाऊन निवेदन द्यायला पाच बुढे जाणार आहेत. साहेब त्यांना विचारतील, जमीन कधीपासून कसता? माझा बाप असता तर मी त्यालाच पुढं केलं असतं. तो नाही. तुम्ही आहात.

ज्यांच्या खिशात दुपारची शिशी उरली असेल, त्यांनी ती मला आणून देऊ नका, कोणाला दाखवूही नका. नाव विचारणार नाही. त्या पलीकडच्या नालीत ओता आणि येऊन झोपा. सकाळी लवकर उठायचं आहे.

जोहार.